गहू कुठला विचारलं की सगळे लोकवनच म्हणतात

परवा शनिवारी सकाळी मार्केट यार्डात गहू घ्यायला गेले होते. सदाशिव पेठेत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, दिवसाला साडेतीनशे-चारशे पोळ्या जातात म्हणजे रोजची दहा-बारा किलो कणीक, त्यामुळे बाकीच्या घरांसारखं एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू भरून मोकळं होता येत नाही, दर पंधरा दिवसांनी भुसाराच्या दुकानांत चक्कर असतेच. शेठनी पोत्याचं तोंड सोडून मूठभर गहू माझ्या हातावर ओतला. दाणा टपोरा, एकसारखा, सोनेरी, दाताखाली फोडला तर कडक. मी विचारलं, गहू कुठला?

"लोकवन, ताई. एक नंबर माल."

"लोकवन म्हणजे लोक-१ च आहे का हा? का दिसतो तसा म्हणून लोकवन?"

शेठ जरा थांबले. मग म्हणाले, "ताई, एमपीवरून गाडी येते. तिकडून लोकवन लिहून येतं, आम्ही लोकवन म्हणून विकतो. आत बी कुठलं आहे ते पेरणाऱ्यालाच ठाऊक."

माणूस सरळ आहे, म्हणून तर इतकी वर्षं त्यांच्याकडे जाते. पण घरी येताना टेम्पोत बसून हेच डोक्यात होतं, की पुण्यात गव्हाबद्दल इतकं बोलतात लोक, कुठला गहू मऊ, कुठल्याची पोळी दुसऱ्या दिवशीपण चांगली, कुठला पुरणाला चालतो, आणि तरीही आपण खातोय तो वाण कुठला हे शंभरातल्या एकालाही माहीत नसतं. लोक-१ हा खरा वाण आहे, गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसरा नावाचं गाव आहे तिथल्या लोकभारती संस्थेत तयार झालेला, त्या लोकभारतीतला लोक आणि पुढचा एक आकडा म्हणजे वन. (लहानपणी मला वाटायचं वन म्हणजे रान, रानातला गहू.) आता ते नाव एका प्रकारच्या दिसण्याचं झालंय. सिहोर म्हणून जो विकतात, ते तर मध्य प्रदेशातल्या जिल्ह्याचं नाव आहे, वाणाचं नाहीच. शरबती म्हणून जो महाग गहू मिळतो त्यात बऱ्याचदा सी-३०६ हा जुना वाण असतो, पण बऱ्याचदाच, नेहमी नाही.

हे सगळं मला इतकं का टोचतं ते सांगते. मी बॉटनीत एमएस्सी केलंय, शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट गव्हाच्या दाण्यातल्या झिंकवर, म्हणजे जस्तावर होतं. नंतर संसार, सासूबाईंचं आजारपण, मग हे केंद्र, ते सगळं मागे पडलं. पण एक गोष्ट डोळ्यांसमोरून कधी गेली नाही. डायथिझोन नावाचं एक रसायन असतं, ते मेथॅनॉलमध्ये विरघळवायचं, गव्हाचा दाणा ब्लेडने मधोमध उभा कापायचा, आणि ती अर्धुकं त्यात अर्धा तास ठेवायची. जिथे झिंक आहे तिथे लाल रंग चढतो. पहिल्यांदा बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली तेव्हा दाण्याच्या टोकाला असलेला कोंब, तो इवलासा ठिपका, कुंकवासारखा लालभडक झाला होता. सालीच्या लगेच आत जो एका पेशीचा थर असतो तो गुलाबी. आणि मधला सगळा पांढरा भाग, ज्याचा मैदा होतो, तो जवळपास कोराच. त्या दिवशी मला मैदा म्हणजे काय ते कळलं. आणि दुसरं म्हणजे, बशीत शेजारी शेजारी दोन वेगळ्या वाणांचे दाणे होते, दिसायला जुळे, आणि त्यातल्या एकाचा रंग स्पष्ट गडद होता. एकाच शेतात वाढलेले, एकच खत, एकच पाणी. फरक फक्त बियाण्यात.

आकड्यात सांगायचं तर, साध्या गव्हात किलोला साधारण २५ मिलिग्रॅम झिंक धरतात. पिकातच पोषण वाढवायच्या कामात असलेल्या हार्वेस्टप्लसवाल्यांनी सुरुवातीला हाच आकडा धरला आणि त्यात १२ ची भर घालून ३७ चं टार्गेट ठेवलं. आणि हे काही स्वप्न नाही, तसे वाण आपल्याकडे शेतात आहेत. कर्नालच्या गहू संशोधन संस्थेचा डब्ल्यूबी ०२ आहे, त्यात ४२ च्या आसपास झिंक. पंजाबचा पीबीडब्ल्यू १ झिंक आहे, चाळीसच्या वर. आणि आपल्या पुण्याचा, अगदी हाकेच्या अंतरावरचा, आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८. हा बन्सी प्रकारातला, म्हणजे कडक दाण्याचा डुरम गहू. प्रथिनं १४.७ टक्के, झिंक ४०.३, लोह ४६.१. कोरडवाहू आणि कमी पाण्याच्या शेतीसाठी काढलेला, १०२ दिवसांत तयार होतो.

(इथे एक सांगून टाकते कारण माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांचा हा घोळ होतो. संस्था ज्या रस्त्यावर आहे तो गोपाळ गणेश आगरकरांचा, सुधारकवाले आगरकर. संस्थेला नाव आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं, ते वनस्पतिशास्त्रज्ञ, कोलकात्यात प्रोफेसर होते, १९४६ मध्ये पुण्यात ही संस्था सुरू झाली तेव्हाचे पहिले संचालक. तेव्हा तिचं नाव महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, आणि त्याचीच आद्याक्षरं म्हणजे एमएसीएस, जी अजून त्यांच्या वाणांच्या पुढे लागतात.)

आता २५ आणि ४० मधल्या फरकाने होतं काय? माझ्याकडे दुपार-संध्याकाळ डबा नेणारी बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षावाली आहेत. लातूर, बीड, परभणी, धुळे, कुठून कुठून आलेली, चौघं मिळून एका खोलीत राहतात, पैशाचं गणित रोज मांडतात. त्यातला एखादा वेळेला पाच पोळ्या खातो, दोन वेळच्या दहा. पोळीला तीस ग्रॅम कणीक धरली तर तीनशे ग्रॅम. साध्या गव्हातून त्याला साडेसात मिलिग्रॅम झिंक मिळतं, चाळीसवाल्यातून बारा. पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम लागतं, बाईला १३.२, हे आयसीएमआरचे २०२० चे आकडे आहेत. ज्याच्या ताटात रोज दूध, मटण, काजू, तीळ आहेत त्याला या साडेचाराचं काही वाटणार नाही. पण ज्याच्या ताटात पोळीच मुख्य आणि भाजी म्हणजे रस्सा जास्त फोडी कमी, त्याच्यासाठी तो फरक फार मोठा आहे. २०१६ ते १८ मध्ये देशभर मुलांच्या पोषणाचा सर्व्हे झाला होता, त्यात किशोरवयीन मुलांपैकी ३२ टक्क्यांमध्ये झिंक कमी निघालं. आणि अॅनिमियाचं तर काय सांगायचं, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के. माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या पाच जणी आहेत, त्यातल्या तिघींच्या गोळ्या चालू आहेत, त्या दुपारी भिंतीला टेकून बसतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

झिंक कमी पडलं की माणसाचं काय होतं हे जगाला कळलं तेच मुळी गव्हाच्या भाकरीमुळे. आनंद प्रसाद म्हणून डॉक्टर होते, मूळचे बिहारमधल्या बक्सरचे, १९५८ मध्ये ते इराणमध्ये शिराझला गेले होते. तिथे त्यांच्याकडे एक एकवीस वर्षांचा तरुण आला, दिसायला दहा-एक वर्षांच्या पोरासारखा. दाढी-मिशी नाही, उंची नाही, अंगात रक्त नाही. तसे आणखी निघाले. सगळ्यांचं खाणं एकच, न आंबवलेली गव्हाची रोटी, तीपण कोंड्यासकट, आणि शिवाय माती खायची सवय. पुढे त्यांनी हे झिंकच्या कमतरतेचं लक्षण असल्याचं दाखवलं, तोपर्यंत माणसाला झिंक कमी पडू शकतं हेच कोणी मानत नव्हतं.

आता कोणी म्हणेल की कोंड्यासकट खात होते तर झिंक पोटात जातच असणार. जात होतं. पण त्याच कोंड्याच्या थरात फायटिक अॅसिड असतं, ते झिंकला आणि लोहाला असं धरून ठेवतं की आतड्यातून अंगात शिरूच देत नाही. म्हणून नुसता आकडा वाढवून काम होत नाही, आणि म्हणूनच वाण शोधताना झिंक किती एवढंच न बघता त्याच्या मानाने फायटेट (म्हणजे हेच फायटिक अॅसिड) किती हेही बघावं लागतं. पीठ आंबवलं की फायटेट तुटतं. आपल्याकडे भाकरी-पोळी आंबवत नाहीत पण धिरडी आहेत, गव्हाच्या आंबोळ्या आहेत, त्या सकाळच्या खाण्यात परत याव्यात असं मला फार वाटतं. आणि डब्यात लिंबाची फोड मी न विचारता टाकते, कारण सी व्हिटॅमिनने लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका असं प्रत्येकाला सांगते, मुलं हो म्हणतात आणि समोरच्या टपरीवर जातात.

तर मूळ मुद्दा, हा फरक बियाण्यात आला कुठून.

आपला पोळीचा गहू म्हणजे तीन वेगवेगळ्या गवतांचा संसार एका घरात नांदतोय असं समजा, सहा संच गुणसूत्रं. बन्सी आणि खपली यांच्यात दोनच गवतांचे मिळून चार संच. या सगळ्यांच्या मुळाशी एक रानटी गहू आहे, तिकडे इस्राएल, सीरिया, तुर्कस्तान भागात अजून डोंगरउतारावर आपोआप उगवतो. १९०६ मध्ये आरोनसोन नावाच्या माणसाला तो रोश पिन्ना गावापाशी सापडला. दाणा बारीक, लांबट, सुरकुतलेला, आणि त्याच्या काही नमुन्यांत झिंक किलोला शंभर मिलिग्रॅमच्याही वर. दाणाच बारीक म्हणजे पिठूळ भाग कमी, त्यामुळे प्रमाण जास्त दिसणार हे खरं, पण तेवढंच कारण नाही. सहा-बी गुणसूत्रावर एक जीन आहे, त्याला जीपीसी-बी१ म्हणतात, २००६ मध्ये तो नेमका कुठला ते सापडलं. त्याचं काम ऐकून मला पहिल्यांदा आमच्या आजोळचं शेत आठवलं होतं. पीक पिवळं पडायला लागतं ना, तेव्हा आपल्याला वाटतं पान वाळतंय. ते नुसतं वाळत नसतं, ते आवराआवर करत असतं. पानात जे नायट्रोजन, झिंक, लोह आयुष्यभर साठवलं ते सोडवून, बांधून, ओंबीत पाठवत असतं, घर सोडताना माणूस जसा आधी दागिने-कागद हलवतो तसं. हा जीन ती आवराआवर वेळेत सुरू करतो. रानटी गव्हात तो चांगला चालतो. आपण पेरतो त्या बहुतेक गव्हांत तो बिघडलेला आहे, पान जास्त दिवस हिरवं राहतं आणि बरंचसं सामान पेंढ्यातच राहून जातं. शास्त्रज्ञांनी साध्या गव्हात या घराण्यातल्या उरलेल्या जीन्सना मुद्दाम दाबून बघितलं तर पान वाळायला तीन आठवड्यांहून जास्त उशीर झाला आणि दाण्यातलं प्रोटीन, झिंक, लोह तिन्ही ३० टक्क्यांहून जास्त घटलं.

म्हणजे बैलाच्या वैरणीत गेलं ते आपल्या ताटात यायचं होतं.

बिघडलेला का निवडला गेला? कोणी मुद्दाम नाही निवडला. हजारो वर्षं शेतकरी टपोरा दाणा आणि भरलेली ओंबी बघून बी राखत आला, जस्त काय कोणाला डोळ्यांनी दिसतं का. मग हरितक्रांती आली. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड म्हणून जागा आहे, तिथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि दरवर्षीचे दाणे-माती बाटल्यांत जपून ठेवलेत. ते तपासले तर १८४५ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत झिंक, लोह, तांबं, मॅग्नेशियम जवळपास तेवढंच, आणि बुटके जास्त उत्पन्नाचे वाण आल्यावर घसरण. मातीत मात्र कमी झालं नव्हतं. बुटक्या झाडाची ताकद काडीत न जाता दाण्यात जाते, स्टार्च भरपूर भरतो, झिंक त्या मानाने वाढत नाही आणि पसरून पातळ होतं, दुधात पाणी वाढावं तसं.

पण मी त्या वाणांना नावं ठेवणार नाही आणि कोणी ठेवली तर मला राग येतो. १९६६ मध्ये आपण मेक्सिकोतून अठरा हजार टन बियाणं आणलं ते हौस म्हणून नाही. माझी आजी पुरंदरची, बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेली, रेशनवरची लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी याच्याबद्दल ती बोलायची तेव्हा आवाज बदलायचा तिचा. पोट भरणं आधी. पोट भरल्यावर आता त्या दाण्यात काय आहे हे बघायची पाळी आपली आहे, एवढंच मी म्हणते.

आणि हे परत आणता येतं. झिंकसाठी एकच जीन असता तर सोपं झालं असतं, पण ते कित्येक जागी विखुरलेलं आहे, मुळाने मातीतून घ्यायचं एक, झाडात वर न्यायचं दुसरं, पानातून सोडवायचं तिसरं, दाण्यात साठवायचं चौथं. म्हणून जुने वाण, देशी गहू, रानटी गवतं यांच्याशी संकर करून पिढ्यान् पिढ्या तपासत बसावं लागतं. १९२० आणि ३० च्या दशकांत ए. ई. वॉटकिन्स नावाच्या इंग्रज माणसाने जगभरच्या ब्रिटिश वकिलातींना पत्रं पाठवून स्थानिक बाजारातून मूठ मूठ गहू मागवला होता. ३२ देशांतले ८२७ वाण अजून जपलेत आणि आता त्यांच्यात हरवलेले गुण शोधतायत. त्यात हिंदुस्थानातले गहूपण आहेत. एखाद्या भुसाराच्या दुकानातून कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी मूठभर गहू घेतला आणि नाव-गाव लिहून ठेवलं, म्हणून आज तो उपयोगी पडतोय. नाव-गाव लिहिलं नसतं तर तो नुसता गहू.

आता माझ्या स्वतःच्या प्रयोगाबद्दल, कारण त्यात मी बरंच शिकले.

माझा मामेभाऊ सासवडच्या पुढे राहतो, चार एकर, पाणी विहिरीचं आणि तेही जानेवारीपर्यंतच. मागच्या दिवाळीत भाऊबिजेला गेले तेव्हा म्हटलं, दादा, थोडं ४०२८ लावून बघ, कमी पाण्यावर येतं. तो म्हणाला बन्सीला आमच्याकडे कोण विचारतंय. मी म्हटलं मी घेते सगळा. मग त्याने एकाच वावरात दोन पट्टे केले, एकात ४०२८ आणि शेजारी त्याचं घरचं बी, जे तो दहा वर्षं राखतोय आणि ज्याचा वाण त्यालाही सांगता येत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी ४०२८ काढणीला आलं, घरचं अजून हिरवट होतं.

दोन्हीतला एक एक किलो गहू मी घेऊन आले आणि घरी मिक्सरवर बारीक करून एका लॅबला दिला. रिपोर्ट आला त्यात झिंक ठीक वाटलं, पण लोह इतकं प्रचंड की जगातल्या कुठल्याच गव्हात नसेल. आणि घरच्या बियाण्यात ४०२८ पेक्षा जास्त! मला रडूच आलं. लॅबच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला आम्ही दिलं ते तपासलं मॅडम. चूक त्याची नव्हतीच खरं तर, पण एका शब्दाने विचारलं असतं की बारीक कशावर केलं, तर माझे पैसे वाचले असते.

माझी एक वर्गमैत्रीण अजून याच क्षेत्रात आहे, तिला सांगितलं तर ती पहिल्या वाक्याला म्हणाली, "अगं, मिक्सरचं पातं स्टीलचं!" मग तिने सगळं उलगडून सांगितलं. मातीत लोह दाण्याच्या हजार पटीने असतं, त्यामुळे दाण्याला चिमूटभर धूळ लागली तरी आकडा वाटेल तसा चढतो. मळणी यंत्रातून निघालेला गहू म्हणजे लोखंडाशी घासलेला गहू. पत्र्याच्या कोठीत ठेवला असेल तर त्या पत्र्यावर जस्ताचाच मुलामा असतो, मग झिंकपण गेलं. म्हणून मोठ्या लॅबमध्ये त्याच नमुन्यात अॅल्युमिनियमपण मोजतात, दाण्यात ते जवळपास नसतंच, त्यामुळे अॅल्युमिनियम दिसलं की समजायचं माती आलीय आणि लोहाचा आकडा सोडून द्यायचा.

दादाने नशिबाने दोन्ही पट्ट्यांतल्या काही ओंब्या पेंढीला बांधून छपराला टांगून ठेवल्या होत्या. मी जाऊन कात्रीने ओंब्या कापल्या, कागदी पिशवीत आणल्या, रात्री टीव्ही बंद करून हाताने चोळून दाणे काढले, सुपातसुद्धा नाही, ताटात फुंकून कूस उडवली. ४०२८ चा दाणा लांबट, कहरवा मण्यासारखा, उजेडाकडे धरला की आरपार दिसेलसा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकदा खळबळून, कागदावर वाळवून, अख्खेच दाणे दिले. या वेळी लोह माणसात आलं. आणि झिंक ४०२८ मध्ये स्पष्ट जास्त निघालं शेजारच्यापेक्षा. पण चाळिशीला टेकलं नाही.

ते का नाही टेकलं, तर दादाचं रान चुनखडीचं आहे. अशा जमिनीत झिंक असतं पण मुळाला मिळत नाही, अडकून बसतं. वाण म्हणजे भांडं किती मोठं ते, त्यात पडणार किती ते मातीवर. तुर्कस्तानात अनातोलियाच्या पठारावर हाच प्रश्न होता, तिथे इस्माइल चकमाक या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की जमिनीतून दिलेल्या झिंकने उत्पन्न वाढतं, पण दाण्यात झिंक भरायचं तर दाणा भरायच्या सुमाराला पानावर फवारा. झिंक सल्फेट काही महाग नाही. दादा म्हणाला फवारतो, पण मग एक सवाल टाकला त्याने, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "फवारलं, भरलं, मग यार्डात त्याचे दोन रुपये जास्त कोण देणार? तिथं तर चकाकी बघतात."

हेच तर आहे सगळं. शेतकरी झिंकवाला वाण लावतो, संस्था वीस-वीस वर्षं घालवून तो काढतात, आणि यार्डात आला की त्याच्यावर लोकवन किंवा बन्सी एवढंच लिहिलं जातं आणि सगळं एका ढिगात. आंब्याला आपण देवगड का रत्नागिरी ते विचारतो, तांदळाला इंद्रायणी का आंबेमोहर ते विचारतो, निफाडच्या केंद्राने तर गव्हांना किती छान नावं दिलीत, त्र्यंबक, तपोवन, समाधान, गोदावरी, पंचवटी, तरी पुण्यातल्या एका दुकानात "तपोवन आहे का हो" असं विचारलेलं मी आजवर ऐकलं नाही.

पोळीचं सांगायचं राहिलं, ते न सांगून चालणार नाही कारण पोळी चांगली झाली नाही तर बाकी सगळं व्यर्थ. बन्सी गहू कडक, गिरणीवाल्या काकांना दोनदा घालायला सांगितला. कणकेला पाणी जास्त लागतं, आणि ते लगेच पीत नाही, अर्धा-पाऊण तास झाकून ठेवलीच पाहिजे, नाहीतर लाटताना कडा फाटतात. आमच्या मावशी तीस वर्षं पोळ्या लाटतायत, त्यांनी पहिला गोळा हातात घेऊनच सांगितलं, "ताई, हा गहू वेगळाय, ह्याला ताण नाही." खरं होतं, बन्सीच्या कणकेला लवचिकपणा कमीच. गरम पोळी सुरेख, पिवळसर, गोडूस चव. पण मुलं डबा तीन-चार तासांनी उघडतात, तोपर्यंत वातड. मग आम्ही निम्मा ४०२८ आणि निम्मा नेहमीचा असं केलं, तेलाचं मोहन थोडं वाढवलं, आणि चाळण बदलली, बारीक चाळणीने आम्ही जो कोंडा काढून गाईला घालत होतो तो आता पोळीतच राहतो. पहिल्या आठवड्यात दोन जणांनी पोळी जाड लागते म्हणून सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात कोणी काही बोललं नाही.

दादाचा ४०२८ दोन पोती होता, जूनमध्ये संपला. आता या नोव्हेंबरला तो अर्धा एकर लावणार आहे, फवाऱ्यासकट, आणि यार्डाच्या भावावर मी किलोमागे काय द्यायचं ते आमचं आधीच ठरलंय, भाऊ आहे म्हणून नाही, गहू तसा आहे म्हणून.

काउंटरमागे आमचा एक काळा फळा आहे, त्यावर रोज भाज्या लिहितो. त्याच्या खाली एक ओळ वाढवलीय. आधी लिहायची "आजचा गहू : पुरंदर, एमएसीएस ४०२८ निम्मा". ते संपल्यापासून जे खरं आहे ते लिहिते. काल एक जालन्याचा मुलगा डबा घेताना वाचत उभा राहिला, "आजचा गहू : एमपी, लोकवन नावाने, वाण माहीत नाही." मला म्हणाला, ताई, आमच्या घरचा गहू आहे, वाण कुठला ते वडिलांना विचारून सांगतो. आणि तिथेच उभा राहून त्याने घरी फोन लावला.